मुख्य दाराचा रंग ठरवायचा आहे : मोरपंखी, बॉटल ग्रीन की डाळिंबी?

अबोली :
नमस्कार मंडळी. घर ठाण्यात, पाचपाखाडीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारत १९८९ सालची. सोसायटीने नुकताच जिना आणि पॅसेज रंगवून घेतला. भिंती मोतिया, खाली कमरेएवढा राखाडी पट्टा. त्या नव्या भिंतींमध्ये आमचं चॉकलेटी दार फार मळकट दिसायला लागलंय. दार साधं फ्लश डोअर, चौकट सागवानी, दोन्हींवर ऑइल पेंटचे जुने थर. कडी-कोयंडा आणि नावाची पाटी पितळेची आहे, ती बदलायची नाही. पॅसेजला खिडकी नाही, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. समोर लिफ्ट.

मला मोरपंखी हवाय, ह्यांना बॉटल ग्रीन, सासूबाईंना डाळिंबी. काळा किंवा काळ्याकडे झुकणारा रंग नको, एवढी एकच सासूबाईंची अट आहे आणि ती मलाही मान्य आहे. शेड कार्ड घेऊन दारासमोर उभी राहते आणि दर वेळी वेगळाच रंग बरा वाटतो. दसऱ्याचं तोरण नव्या रंगाच्या दाराला लागावं अशी फार इच्छा आहे. ज्यांनी अलीकडे दार रंगवलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

नेरुळकर :
मोरपंखीला माझं मत. मोतिया भिंत आणि पितळ, दोन्हींशी जमतो.

पाचवा मजला :
रंगाच्या भानगडीत न पडता वरून लॅमिनेट लावून घ्या. ओल्या फडक्याने पुसलं की झालं. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, धूळ भयंकर, तरी दार स्वच्छ राहतं.

अबोली :
लॅमिनेटचं सुताराला विचारलं होतं. आमचं दार आधीच चौकटीत घट्ट बसतं, जाडी वाढली तर घासेल म्हणाला. आणि खरं सांगायचं तर मला रंगच हवाय.

वास्तुरेषा :
अबोलीताई, तुमचं मत दर वेळी बदलतंय ते साहजिक आहे. कार्डावरचा तुकडा बोटाच्या पेराएवढा, आणि दार ७ बाय ३ फूट. मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. ठाण्यात बहुतेक फ्लॅटची दारं तुमच्यासारखी बंद पॅसेजमध्ये असतात. त्यांना आयुष्यात कधी ऊन लागत नाही, आणि रंग मात्र ठरतो दुकानाच्या झगझगाटात नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, दाराला कोणता उजेड मिळतो ते आधी बघा, रंगाचं नंतर.

पॅसेजमधला दिवा कोणता आहे? खोक्यावर ६५०० के (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या छटेचं माप) असं लिहिलेलं असेल तर निळसर पांढरा उजेड, ३००० के असेल तर पिवळा. साध्या स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडीच्या उजेडात गडद तांबड्याचा भाग फार कमी असतो. त्यामुळे डाळिंबी तिथे मरतो आणि तपकिरी दिसायला लागतो. म्हणजे पैसे खर्च करून परत चॉकलेटीच्याच जवळ. मोरपंखी त्याच दिव्याखाली निळ्याकडे जाईल, पिवळ्या दिव्याखाली हिरव्याकडे. आणि बॉटल ग्रीन खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये रात्री चक्क काळा दिसतो. सासूबाईंची अट तिथे मोडते.

दुसरी गोष्ट शेजारच्या रंगाची. पॅरिसच्या गोबलें या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळ्या रंगात दम नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगाईत दोष नव्हता, काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले होते त्यांच्यामुळे काळा फिका दिसत होता. शेजारचा रंग डोळ्याला कसा फसवतो हे त्याने १८३९ साली सविस्तर मांडलं आणि आम्ही मंडळी आजही त्यावरच काम करतो. तुमचं दार मळकट झालेलं नाही, भिंत बदलली म्हणून तसं दिसतंय. डाळिंबी दारालगत तो राखाडी पट्टा किंचित हिरवट दिसायला लागेल, तेही ध्यानात ठेवा. भिंत, पट्टा, फरशी आणि पितळ या चार गोष्टी बदलणार नाहीत, तेव्हा रंगाने त्यांच्याशी जुळवून घ्यायचं आहे.

आता करायचं काय, तर प्रत्येक रंगाचा छोटा सॅम्पल डबा आणा. निदान दीड-दोन फुटांचे हार्डबोर्डचे तुकडे घ्या, त्यांना प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात द्या. एका हातावर निर्णय घेऊ नका, खालचा पांढरा डोकावतो. तुकडा दारावर लावताना मागे मोठा पांढरा कागद चिकटवा, नाहीतर भोवतीच्या चॉकलेटीमुळे परत तीच फसगत. तुकडा पितळी पाटीला अगदी लागून ठेवा. मग सकाळी बघा, रात्री दिव्याखाली बघा, लिफ्टचं दार उघडून तिचा उजेड दारावर पडतो तेव्हा बघा. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघा, कारण दार तिथूनच पाहिलं जातं.

मोगरा :
वास्तुरेषाताई, किती छान सांगितलंत. आमच्या ऐरोलीच्या घरी गेरूच्या रंगाचं दार दुकानात इतकं सुंदर वाटलं होतं आणि लावल्यावर विटकरी-काळपट. आता कारण कळलं.

खारघरवारा :
धागा थोडा माझ्याकडे वळवतो. आमचं रो हाऊस आहे, दार पश्चिमेला, थेट उन्हात. दुपारी ३ पासून ऊन आणि पावसाळ्यात झड. गडद निळा लावायचा आहे. चालेल?

वास्तुरेषा :
खारघरवारा, तुमचा प्रश्न अबोलीताईंच्या अगदी उलट आहे. त्यांना उजेड कमी आणि तुम्हाला अति. गडद रंग ऊन शोषतो, मार्च ते मे दाराची बाहेरची बाजू चांगली तापते आणि आतली त्यामानाने थंड राहते. त्यात दार वाकतं आणि सांध्यांजवळ रंगाला तडे जातात. आपल्याकडे नैर्ऋत्येकडचा पाऊस, म्हणजे पश्चिमेच्या दाराला तोही सोसायचा. डब्याच्या माहितीपत्रकात एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. उन्हातल्या दाराला फार खालचा आकडा घेऊ नका. निळाच हवा असेल तर एक-दोन पायऱ्या फिका घ्या, बाहेरच्या वापरासाठीचाच घ्या आणि दारावर नीट छज्जा नसेल तर आधी तो करा. छज्जा नसलेल्या पश्चिमेच्या दारावर कुठलाच रंग फार टिकत नाही.

खारघरवारा :
छज्जा आहे पण जेमतेम हातभर. वाढवून घेतो. आभार.

पूर्वरंग :
कोणी दिशेचं बोललं नाही म्हणून विचारते. अबोली, दार कोणत्या दिशेला आहे? आमच्याकडे दिशा बघूनच रंग ठरवतात.

अबोली :
पूर्वेला आहे. सासूबाईंनी गुरुजींना विचारलं, हिरव्याला काही हरकत नाही म्हणाले. तेवढ्यावर आमचं समाधान आहे.

रंधा :
आमचा सुतारकामाचा धंदा, वखार कळव्याला. रंग कोणता ते तुम्ही ठरवा, मी खालच्या लाकडाचं सांगतो. जरा लांबलचक होईल, पण त्याचीच काळजी वाटते.

इमारत १९८९ची, म्हणजे जुन्या थरांत शिसं आहे असं धरूनच चला. घरगुती रंगात शिसं जास्तीत जास्त ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, असावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खास करून पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं सर्रास असायचं. कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती फार वाईट. म्हणून रंगारी कितीही घाई करो, वॉटर पेपर आणि पाणी घेऊनच घासायला लावा. खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला चांगला मास्क. पडलेला चिखल गोळा करून कागदात बांधा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेवढा दिवस त्यांना दुसरीकडे पाठवा. दिव्याची आग लावून रंग जाळायचा प्रकार तर अजिबात करू देऊ नका.

सगळाच्या सगळा जुना रंग उतरवायची गरज नसते. एका कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकटी ओढा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर पापुद्रे आले तर तो भाग लाकडापर्यंत न्यावा लागेल. काही आलं नाही तर चकाकी जाईपर्यंत ओलं घासायचं, सुकू द्यायचं, खड्ड्यांत लांबी भरायची, परत घासायचं, मग प्रायमर.

आता माझा आवडता विषय, दाराची खालची कड. दहातल्या नऊ दारांची खालची आणि वरची कड कोरी असते. समोरची बाजू चकचकीत आणि खाली उघडं लाकूड. पावसाळ्यात ओल तिथूनच वर चढते, दार फुगतं, चौकटीत अडतं. मग माणसं आमच्याकडे येतात, आम्ही रंधा मारतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये लाकूड आवळलं की तिथेच बोटभर फट पडते. जमिनीवर छोटा आरसा ठेवून दार थोडं उघडा आणि खालची कड त्यात बघा. पिठूळ, तंतू सुटलेलं, काळपट लाकूड दिसलं तर समजा की आजवर तिथे कोणी ब्रश लावलेला नाही. तुमचं दार घट्ट बसतं म्हणालात, मला तर तेच कारण दिसतंय. दार बिजागऱ्यांवरून उतरवून घ्या, कड पूर्ण सुकू द्या, मग प्रायमर आणि रंगाचे दोन हात. रंधा मारायचाच असेल तर तो रंगाच्या आधी, आणि जरासाच.

दसऱ्याचं म्हणाल तर हवेत अजून दमटपणा आहे. ऑइल पेंटला हात लावला तर सुकल्यासारखा वाटतो, पण आतून ओला असतो. दोन हातांमध्ये पूर्ण रात्र जाऊ द्या, पाऊस लागला तर आणखी एक दिवस. घटस्थापनेच्या आधी काम उरकेल असं बघा.

सेक्टर सतरा :
रंधा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक गोष्ट राहिली. रंगवण्याआधी सोसायटीला लेखी कळवा. दार आपलं असलं तरी त्याची बाहेरची बाजू सगळ्यांच्या पॅसेजमध्ये असते. आमच्या वाशीच्या इमारतीत कमिटीने एका कुटुंबाला ताजं पिवळं दार परत तपकिरी करायला लावलं. उपविधीत दाराच्या रंगाचा उल्लेखही नव्हता, फक्त 'एकसारखेपणा' हा शब्द पुढे केला. त्या ताईंनी हौसेने केलेलं काम होतं, फार वाईट वाटलं. आधी पत्र देऊन पोच घेतली असती तर त्यांच्या हातात काहीतरी राहिलं असतं.

अबोली :
आमच्या मजल्यावर चार दारं, चारही वेगवेगळी. तरी सचिवांना पत्र देते, शेजारच्या काकूंनाही दाखवते. दिवसभर त्यांच्या दारातून आमचं दार दिसतं, तेव्हा त्यांना आवडणं मला महत्त्वाचं वाटतं.

चेंदणी :
मी ठाणे पूर्वेचा, चेंदणी कोळीवाड्यातला. इथे सगळे उजेडाचं, थरांचं सांगतायत ते बरोबरच आहे, पण एक मनातलं बोलतो. नव्या टॉवरांमध्ये दारं बघा, राखाडी, करडी, कॉफी. सगळ्या मजल्यांवर एकच. मी लहान होतो तेव्हा आमच्या आळीत दारावरून घर सांगायचे. 'निळ्या दाराच्या पुढचं', 'पोपटी दार आणि गुलाबी चौकट ते मावशीचं'. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगायच्या आणि डब्यात जे उरेल ते आमच्या दाराला लागायचं. म्हणून दाराचा आणि होडीचा रंग एक. समुद्रावर होडी ओळखू यावी म्हणून जो रंग, तोच घराला. खारी हवा, पाऊस सगळं सोसून ती दारं उठून दिसायची. मोरपंखी मनात आलाय ना अबोलीताई, तर तो घ्या. करड्याकडे वळू नका. पाहुण्याला 'दुसऱ्या मजल्यावर मोरपंखी दार' एवढं सांगितलं की तो बरोबर पोचला पाहिजे.

पूर्वरंग :
चेंदणी, किती सुंदर लिहिलंत! आमच्या आजोळची दारं आठवली.

मोगरा :
रंग कोणताही घ्या, पण सणांचा विचार करून घ्या. आमचं दार मोतिया आहे आणि दर पाडव्याला, दिवाळीला त्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटतात. कुंकू निघतं, हळद राहते. घाईने साबण लावला की पिवळा डाग लालसर होतो, कारण साबणाच्या खाराने हळद लाल होते. साबण न लावता आधी साध्या ओल्या फडक्याने पुसावं, आणि उन्हातलं दार असेल तर हळदीचा डाग आपोआप उडतो. अबोलीच्या पॅसेजमध्ये ऊन नाही, म्हणून मध्यम गडद रंग बरा. आणि झेंडू! केशरी झेंडू आणि आंब्याची पानं मोरपंखीवर जितकी खुलतात तितकी डाळिंबीवर नाही खुलत. डाळिंबीवर केशरी हरवतो.

खाडीकाठ :
बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर आहे का? असेल तर त्याचाही विचार करा. सीवूड्सला आमच्याकडे खाडीची हवा, जाळीच्या सांध्यांत गंज येतो आणि तो ओघळून उंबऱ्यावर उतरतो. आधी तारेच्या ब्रशने गंज काढा, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) द्या, मग रंग. आतलं दार मोरपंखी आणि पुढे काळी जाळी असेल तर लांबून शेवटी काळंच दिसतं.

अबोली :
सेफ्टी डोअर नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

मंडळी, मी वास्तुरेषाताईंनी सांगितल्याप्रमाणे तुकडे रंगवून लावले. दिवा ६५०० केचाच निघाला. डाळिंबी रात्री खरंच तपकिरी झाला, सासूबाईंनी स्वतःच तो उतरवून ठेवला. बॉटल ग्रीन दिवसा देखणा, पण रात्री लिफ्टमधून बाहेर आलं की दाराच्या जागी अंधार दिसतो. मोरपंखी सुरेख, फक्त अपेक्षेपेक्षा बराच निळा. ह्यांना तो हिरवा असायला हवाय. आणि आरशात खालची कड पाहिली, रंधादादा म्हणाले तशीच, कोरी आणि काळपट.

आता दोन प्रश्न. मोरपंखी हिरव्याकडे न्यायचा की दिवा बदलायचा? आणि चकचकीत घ्यायचा की मंद?

वास्तुरेषा :
दिवा सोसायटीचा आहे, उद्या कोणीही बदलेल. त्याच्या भरवशावर रंग ठरवू नका. त्याच पट्टीतली हिरव्याकडे एक पायरी सरकलेली शेड घ्या आणि तिचा तुकडा परत त्याच दिव्याखाली बघा. पुढेमागे कमिटी ४००० केचा दिवा लावायला तयार झाली तर तो रंग आणखी बरा दिसेल, बिघडणार नाही.

चकाकीचं म्हणाल तर जुन्या फ्लश डोअरवर पूर्ण चकचकीत रंग घेऊ नका. वरच्या दिव्याची रेघ दारावर पडते आणि एकूण एक पोचा, लांबीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. अगदी मॅट घेतलात तर कडीभोवती बोटांचे डाग बसतील. सॅटिन, म्हणजे या दोन्हींच्या मधली मंद चकाकी, घ्या. पाण्यावरचा इनॅमल मिळाला तर उत्तम, वास कमी आणि बंद पॅसेजमध्ये शेजाऱ्यांनाही त्रास नाही. मात्र तो जुन्या ऑइल पेंटवर थेट बसत नाही, घासणं आणि प्रायमर चुकवू नका.

नेरुळकर :
चौकट कोणत्या रंगाची? सागवानी आहे तर उघडी करून पॉलिश का नाही करत?

रंधा :
मनातलं बोललात. सागवान रंगाखाली झाकलेलं बघवत नाही. पण इथे जुन्या रंगात शिसं असायची शक्यता, आणि चौकटीच्या खाचांतून तो काढायचा म्हणजे बरंच खरवडणं आलं. घरात माणसं राहत असताना मी ते सुचवणार नाही. ती भिंतीच्या मोतियात रंगवा, दार उठून दिसेल. पुढे कधी घराचं मोठं काम काढलंत तर चौकट रसायन लावून उघडी करू, तेव्हा मला जरूर विचारा.

अबोली :
हिरव्याकडची शेड सगळ्यांना पसंत पडली, काकूंनाही. पत्राची पोच मिळाली. रंगारी सोमवारी येतोय. शेवटचं विचारते. दाराची आतली बाजू मोतिया ठेवणार आहोत, मग दाराच्या जाडीच्या ज्या उभ्या कडा असतात त्यांना कोणता रंग? रंगारी म्हणतो काहीही द्या.

रंधा :
काहीही नाही. तुमचं दार आत उघडतं. उघडल्यावर कुलपाकडची कड घरातल्या माणसाला दिसते, म्हणून तिला आतला मोतिया. बिजागरीकडची कड पॅसेजमधून दिसते, तिला बाहेरचा मोरपंखी. कोपऱ्यावर पट्टी लावून सरळ रेघ मारायला सांगा आणि रंग ओलसर असतानाच पट्टी काढायची, पूर्ण सुकल्यावर ओढली तर कड उचकटते. बिजागऱ्या आणि पितळ आधीच काढून ठेवायला लावा, त्यांच्यावर ब्रश फिरवू देऊ नका. दार परत बसवल्यावर चौकटीला चिकटू नये म्हणून पहिले काही दिवस कडांना थोडी टाल्कम पावडर लावा. खालच्या कडेला दोनपैकी कोणताही रंग चालेल, पण पूर्ण दोन हात, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर.